डिशची वायर लांब गेली की: टीव्हीचा सिग्नल बूस्टर कधी, कुठे आणि कसा बसवायचा

घर वाढतं तशी टीव्हीची वायरही वाढत जाते. आधी छत्री पत्र्यावर आणि टीव्ही तिच्या बरोबर खाली, सगळा मामला पंधरा मीटरच्या आत. मग वर मजला चढतो, छत्री त्याच्याही वर जाते, मागच्या खोलीत आजीसाठी दुसरा टीव्ही येतो आणि एक दिवस ऐन मालिकेच्या वेळी चित्राचे चौकोन पडायला लागतात. दुकानात विचारलं की उत्तर तयार असतं, "बूस्टर लावा." दोन-तीनशे रुपयांची, बोटभर लांबीची धातूची नळी. ती कधी रामबाण ठरते, कधी काहीच करत नाही आणि कधी होतं ते चित्रही घालवते. यातलं तुमच्या घरी काय होणार हे विकत घेण्याआधीच कळू शकतं, आणि त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

इथे मुख्यतः डीडी फ्री डिश आणि डीटीएचबद्दल लिहितोय, कारण घरच्या घरी हात घालता येईल अशी जोडणी तीच. केबल आणि अँटेनाचं शेवटी थोडक्यात येईल.

बूस्टर नेमकं काय करतो

बूस्टर म्हणजे अँप्लिफायर. आत येईल ते मोठं करून बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम. आत येणाऱ्यात सिग्नल असतो तशी खरखरही असते, तीही तेवढीच मोठी होते, आणि वर बूस्टर स्वतःची थोडी खरखर घालतो. सभेत वक्ताच पुटपुटत असेल तर कर्ण्याचा आवाज वाढवून पुटपुटणंच मोठं ऐकू येतं, तसं आहे हे. म्हणून वायरीत वाटेत जे हरवणार आहे ते भरून काढायला बूस्टर उपयोगी. छत्रीला जे मिळालंच नाही, ते तो आणू शकत नाही.

छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला एलएनबी हा मुळात स्वतःच एक दणकट अँप्लिफायर असतो. उपग्रहाकडून सुमारे 36,000 किलोमीटर अंतर कापून आलेला अतिशय क्षीण सिग्नल तो 50 ते 60 डेसिबल, म्हणजे एक लाख ते दहा लाख पट मोठा करतो. शिवाय त्याची फ्रिक्वेन्सी खाली आणतो, कारण 11,000 मेगाहर्ट्झच्या लहरी साध्या वायरीतून काही मीटरसुद्धा धड जात नाहीत. फ्री डिशचं उदाहरण घ्या. 11,090 मेगाहर्ट्झवर आलेल्या लहरीतून एलएनबी 9,750 वजा करतो आणि 1,340 मेगाहर्ट्झचा सिग्नल वायरीत सोडतो. डिशच्या वायरीतला सगळा कारभार असा 950 ते 2,150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी लागतील.

पहिली पायरी: गच्चीवर जा

सेटटॉप बॉक्स, एखादा छोटा टीव्ही आणि दीड-दोन मीटर वायरचा तुकडा घेऊन छत्रीपाशी जा. विजेसाठी एक्स्टेंशन बोर्ड लागेल. गच्चीवर पाणी साचलेलं असेल किंवा ढग गडगडत असतील तर हा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवा. पत्र्यावरची छत्री असेल तर एकट्याने चढू नका. खाली शिडी धरायला कोणीतरी हवंच.

बॉक्सचा प्लग काढा. एलएनबीची खाली जाणारी वायर सोडवा, तिथे छोटा तुकडा लावा, दुसरं टोक बॉक्सला जोडा आणि मग वीज चालू करा. प्लग काढण्याचा आग्रह अशासाठी की याच वायरीतून बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पुरवत असतो. चालू स्थितीत जोडताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्सला दणका बसू शकतो.

मेनूमध्ये सिग्नलचं पान शोधा. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. दोन्हींचे आकडे लिहून घ्या, आणि एका नाही, तीन-चार वेगवेगळ्या ट्रान्सपाँडरचे, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्यांचा एकेक गठ्ठा पाठवणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे, घ्या. मग सगळं पूर्ववत जोडून खाली या आणि खोलीतल्या नेहमीच्या जागेवर त्याच ट्रान्सपाँडरचे आकडे पुन्हा लिहा.

वर क्वालिटी चांगली आणि खाली पडलेली असेल, तर दोष वायरीच्या वाटेवर आहे. तिथे बूस्टरला वाव आहे. वरही क्वालिटी पडलेलीच असेल, तर बूस्टरचा विचार आत्ताच सोडून द्या. काम छत्रीचं आहे.

या दोन पट्ट्यांमधली गफलत समजून घ्यायला हवी, कारण बूस्टर विकताना नेमका तिचाच फायदा घेतला जातो. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून एकूण किती ऊर्जा आली, खरखरीसकट. क्वालिटी म्हणजे त्या गोंधळातून बॉक्सला कामाचा सिग्नल किती स्वच्छ वेगळा काढता येतोय. बूस्टर लावला की स्ट्रेंथची पट्टी 60 वरून 90 वर उडी मारते. बघणाऱ्याला आनंद होतो आणि पैसे दिले जातात. क्वालिटी मात्र 30 वर होती ती 30 वरच. चित्र क्वालिटीवर चालतं. पट्टी दाखवणाऱ्याला एकच विचारायचं, क्वालिटीची कुठे आहे?

वरच दोष असेल तर

फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्या-मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58-59 अंश वर येतो. नागपूरहून दिशा दक्षिणेकडे जरा सरकते आणि उंची 60 अंशांच्या आसपास. छत्री मात्र बघायला तेवढी आभाळाकडे कललेली दिसत नाही, बरीच उभी वाटते, कारण घरगुती छत्रीत एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. डोळ्यांनी अंदाज करून ती आणखी मागे कलवू नका.

त्या दिशेला एखादा आंबा किंवा माड वाढलाय का पाहा. छत्री लावली तेव्हा तो खांद्याएवढा असेल, आता आड येतो. वारा सुटला की चित्र जातं आणि वारा पडला की येतं, ही झाडाची खूण. कोकणात माकडं छत्रीवर बसून ती चार बोटं फिरवून ठेवतात. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते आणि आत पाणी जातं. कुंभारीण माशी तर त्या टोपीवर मातीचं घर हमखास बांधते. वाळलेल्या मातीपेक्षा ओली माती सिग्नल जास्त खाते, म्हणून उन्हाळ्यात चालणारी छत्री पहिल्या पावसात रुसते.

दिशा नीट करायची तर मागचे नट थोडेच सैल करा, छत्री केसभर हलवा, थांबा. बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. घाई केली की योग्य जागा ओलांडून पुढे जातो आणि पत्ता लागत नाही. क्वालिटी सर्वांत वर जाईल तिथे नट आवळा. आवळतानाही छत्री सरकते, तेव्हा नजर आकड्यावरच ठेवा. त्यानंतर एलएनबी त्याच्या पकडीत जरा डावी-उजवीकडे फिरवून बघा, त्यानेही क्वालिटी बदलते.

आता पावसाचं. मुसळधार पावसात चित्र जाणं हा या फ्रिक्वेन्सीचा गुणधर्मच आहे, थेंब लहरी शोषून घेतात. सिग्नल छत्रीपर्यंतच पोचलेला नसतो, त्यामुळे बूस्टर इथे पूर्ण निरुपयोगी. घाटमाथ्यावर किंवा तळकोकणात पावसाळ्याचे चार महिने हा त्रास फारच होत असेल, तर 60 सेंटिमीटरऐवजी 90 सेंटिमीटरची छत्री घ्या. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे साडेतीन डेसिबलची खरी कमाई, खरखर न वाढवता. माझ्या मते बूस्टरवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी बराचसा मोठ्या छत्रीवर खर्च व्हायला हवा. पण मोठी छत्री वारा जास्त घेते, तिचा पाया भक्कम हवा.

दोष वायरीत असेल तर

आधी थोडा हिशेब. चांगली आरजी-6 (डिशला नेहमी वापरतात ती) वायर 1,000 मेगाहर्ट्झला दर 100 मीटरमागे साधारण 20 डेसिबल खाते, आणि 2,150 ला 30 च्या आसपास. दर 3 डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, 10 ला दहावा हिस्सा उरतो आणि 20 ला शंभरावा. पंधरा मीटरच्या वायरीत 2,150 मेगाहर्ट्झला साडेचार डेसिबल जातात. बॉक्स ते सहज सोसतो. तीस-चाळीस मीटरपर्यंत चांगली वायर आणि एकच टीव्ही असेल तर बूस्टर लागत नाही. त्याहून कमी अंतरात चित्र फुटत असेल, तर कुठेतरी जोड सडलाय किंवा वायरच हलकी आहे.

वायर हलकी आहे का हे बघायला फ्रिजवरचा चुंबक पुरतो. टोकाची मधली तार चुंबकाला चिकटली, तर ती वरून तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. सिग्नलला त्याने फार फरक पडत नाही, कारण उच्च फ्रिक्वेन्सी तारेच्या पृष्ठभागावरूनच जाते. फरक पडतो तो एलएनबीला जाणाऱ्या व्होल्टेजला. पोलादी तारेचा रोध तांब्याच्या चार-पाच पट असतो. लांब वायरीत 18 व्होल्ट पुरेसे वर पोचले नाहीत की एलएनबी ते 13 समजतो आणि ठरावीक वाहिन्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा गायब होतो, बाकीच्या झकास चालतात. असं लक्षण दिसलं की बूस्टर नको, सगळी तांब्याची वायर टाका. बूस्टरही याच वायरीतून वीज खातो, म्हणजे तो लावला की व्होल्टेज आणखी पडणार.

जोडांचं म्हणाल तर निम्मी दुखणी तिथेच असतात. जुनी पिन सोडवून बघा. मधली तार काळी-हिरवी पडली असेल किंवा जाळी भुकटीसारखी गळत असेल तर वायर तिथून हातभर मागे कापा. पाणी जाळीतून आत ओढलं जातं, नुसतं टोक साफ करून भागत नाही.

नवी पिन अशी घाला. बाहेरचं काळं आवरण दीड सेंटिमीटर सोला. जाळीच्या तारा मागे आवरणावर दुमडा, एकही तार पुढे राहता कामा नये. आतला पांढरा फेसासारखा थर टोकाकडून सात-आठ मिलिमीटर सोला, पण ब्लेड मधल्या तारेवर घासू देऊ नका. खाच पडलेली तार चार वेळा वाकली की तुटते. पिन दाबून किंवा पिळून पांढरा थर तिच्या आतल्या कडेशी येईपर्यंत चढवा. मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. कमी राहिली तर टेकत नाही, जास्त झाली तर समोरची खोबण खराब करते. शेवटी तोंडात डोकावून बघा, जाळीचा एखादा केसाएवढा तुकडा मधल्या तारेला टेकलेला असला तरी बॉक्स शॉर्ट सर्किटचा संदेश देतो. आवळायला 11 नंबरचा पाना लागतो, बोटांनी आवळून आणखी पाव फेरा पुरे.

बाहेरच्या जोडांवर साधी इलेक्ट्रिकची टेप लावली तर एका उन्हाळ्यात ती सुटते. स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप मिळते, ती ताणून गुंडाळा. आणि वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, वायरीवरून घरात शिरणार नाही.

दुसरा टीव्ही आला की

एका वायरीचे दोन फाटे करणारा स्प्लिटर सुमारे चार डेसिबल खातो, चार फाट्यांचा आठ किंवा जास्त. फ्री डिशला दोन बॉक्स स्प्लिटरवर चालतात. फक्त स्प्लिटरच्या कोणत्या तोंडातून वीज वर जाते ते पाहा. एकाच तोंडातून जात असेल, तर त्या तोंडाचा बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद केला की आजीचा टीव्हीही बंद, आणि घरात त्याचं कारण कोणालाच सापडत नाही. सगळ्या तोंडांतून वीज जाऊ देणारा स्प्लिटर मागा.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचला मात्र स्प्लिटर सहसा चालत नाही. काही वाहिन्यांसाठी एलएनबीला 13 व्होल्ट लागतात, काहींसाठी 18. एका खोलीतला बॉक्स 18 मागतो, दुसरा 13, आणि जास्तीचं व्होल्टेज जिंकतं. दुसऱ्या खोलीत पडदा काळा. इथे दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी हाच उपाय. बूस्टर लावून ही भानगड सुटत नाही, तरी तो विकला जातो.

बूस्टर बसवायचा तर

समजा वायर साठ मीटर आहे, किंवा चाळीस मीटर वायर आणि खाली चार फाटे आहेत. चाळीस मीटरचे 12, स्प्लिटरचे 8, खोल्यांमधल्या वायरीचे 3, मिळून 23 डेसिबल. गच्चीवर क्वालिटी उत्तम, खाली पडलेली. हा बूस्टरचा खरा ग्राहक.

1. डबीवर 950 ते 2,150 किंवा 2,400 मेगाहर्ट्झ लिहिलेलाच घ्या. केबलचा अँप्लिफायर 862 मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि तो एलएनबीची वीजही वर जाऊ देत नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून घोटाळा होतो. 20 डेसिबलच्या आसपासचा पुरे.

2. जागा ठरवा, टीव्हीमागे नक्कीच नाही. तिथे पोचेपर्यंत सिग्नल खरखरीच्या पातळीला आलेला असतो. बूस्टर छत्रीच्या अंगाला, पण एलएनबीला अगदी चिकटून नको. एलएनबीतून निघालेला ताजा सिग्नल जोरदार असतो, त्याने बूस्टरचंच पोट फुटतं. जिन्याच्या वरच्या खोलीत, छपराखाली, दहा-पंधरा मीटर वायर झाल्यावर, ही बहुतेक घरांत बरी जागा. तिथे पाऊसही लागत नाही. स्प्लिटर असेल तर बूस्टर त्याच्या आधी.

3. खाली बॉक्सचा प्लग काढा. दोन बॉक्स असतील तर दोन्हींचे.

4. वायर कापून दोन्ही टोकांना पिना घाला. एलएनबी किंवा इन लिहिलेली बाजू छत्रीकडे, आउट टीव्हीकडे. उलटा लावला तर सिग्नल येत नाही, म्हणून जोडण्याआधी खूण दोनदा वाचा.

5. वीज चालू करा आणि मघाच्या ट्रान्सपाँडरचे आकडे पुन्हा लिहा. खालची क्वालिटी गच्चीवरच्या आकड्याच्या जवळ गेली की काम झालं. गच्चीपेक्षा जास्त ती होणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका.

6. स्ट्रेंथ वर आणि क्वालिटी आधीपेक्षा खाली आली तर सिग्नल जास्त झालाय. बूस्टर खाली सरकवा किंवा कमी डेसिबलचा घ्या. दोन बूस्टर एकामागे एक लावण्याच्या भरीस पडू नका.

छत्रीचा खांब भूमितारेला जोडलेला असावा, आणि वळवाच्या गडगडाटात बॉक्सची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवावेत. खांबाजवळ वीज पडली तर आधी बूस्टर जातो, मग बॉक्स.

केबल आणि अँटेना

केबलला घरापर्यंतचा सिग्नल ही केबलवाल्याची जबाबदारी. इमारतीतल्या पेटीतला अँप्लिफायर त्याचा असतो, त्याचा स्क्रू आपण फिरवायचा नाही. शेजारच्या घरीही चौकोन पडत असतील तर त्याला बोलवा. फक्त तुमच्याच दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीला त्रास असेल तर स्प्लिटरच्या आधी 10-15 डेसिबलचा, आवाजासारखा कमी-जास्त करता येणारा अँप्लिफायर लावा, आणि स्प्लिटरची रिकामी तोंडं 75 ओहमच्या टोपीने बंद करा. त्याच वायरीवरून इंटरनेट येत असेल तर दुतर्फा चालणारा अँप्लिफायर घ्या, साध्याने इंटरनेट बंद पडेल.

अँटेनाचं युग आपल्याकडे बहुतेक संपलं. दूरदर्शनने जुनी प्रक्षेपण केंद्रं बंद करत आणली. 2016 मध्ये मुंबई, औरंगाबाद यांसह 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, ते घ्यायला टीव्हीत तसा ट्यूनर लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना मात्र हा विषय रोजचा, तिथे स्थानिक वाहिन्या अँटेनावर अजूनही फुकट दिसतात. त्यांच्यासाठी नियम तोच, पण अँप्लिफायर अगदी अँटेनाशेजारी खांबावर लावायचा. अँटेनात एलएनबीसारखा आधीचा अँप्लिफायर नसतो, त्यामुळे वायरीत शिरण्याआधीच सिग्नल उचलावा लागतो. मनोरा जवळ असेल, न्यूयॉर्कच्या आसपास असतो तसा, तर अँप्लिफायरसकट मिळणारा घरातला अँटेना आधी अँप्लिफायर काढून चालवून बघा. जवळच्या जोरदार वाहिन्यांनी तो गुदमरतो आणि दूरच्या वाहिन्याही सोबत घालवतो. तो काढल्यावर वाहिन्यांचा शोध मात्र नव्याने चालवावा लागतो, नाहीतर जुनी यादीच दिसत राहते.